मध्यंतरानंतर वादी गैरहजर

मु. तुमच्याच गावात, बांधाच्या अलीकडे,
ता. जि. अहमदनगर
दि. १८ फेब्रुवारी १९७१

तीर्थस्वरूप गहिनीनाथदादा यांचे सेवेशी,

चुलतबंधू पुंजारामाचा शिरसाष्टांग नमस्कार. (तुम्ही माझ्यापेक्षा सव्वा महिन्याने मोठे, म्हणून 'तीर्थस्वरूप' लिहावे लागते. हात तयार नव्हता, पण थोरल्यांचा मान ठेवायचे वळण आमच्या आईने लावले आहे. तुमच्या आईनेही लावले असेल, तुम्हाला ते लागले नाही इतकेच.) आपली प्रकृती ठणठणीत असेलच. दुसऱ्याचे तीन गुंठे गिळून जो ढेकरही देत नाही, त्याच्या प्रकृतीला काय धाड भरते? रंगुवहिनींचा गुडघा कसा आहे? एरंडाचे पान गरम करून बांधावे, असा तुमच्या भावजयीचा, चांगुणाचा, निरोप आहे. वहिनींशी आमचे भांडण नाही.

तुमच्या ओसरीवरून माझी ओसरी दिसते, तरी हे पत्र नगरला जाऊन, शिक्का मारून घेऊन, तीन दिवसांनी आपल्याच गावात परत येईल. त्याला इलाज नाही. बांधाचा दावा लागला तेव्हा दोघांच्याही वकिलांनी बजावले होते की विरुद्ध पक्षाशी बोलायचे नाही. म्हणून अकरा वर्षे आपण गावात एकमेकांकडे पाठ करून उभे राहिलो, आणि एस.टी.ने फाटा सोडला की तंबाखूची चंची एकमेकांपुढे केली. नगरला पोचलो की आधी कोर्ट, मग पुढली तारीख, मग सिनेमा, आणि मधल्या वेळेत दोन्ही घरच्या भाकरी एकाच फडक्यातून. अकरा वर्षांत एकदाही यात खंड पडला नाही. आणि तुम्ही, दादा, मागल्या आठवड्यातल्या मंगळवारी, एका क्षणात त्या सगळ्यावर नांगर फिरवलात!

सिनेमाही आपण कुठलाही बघत नव्हतो. नाचगाण्याचा नको, देवाधर्माचा नको (तो गावच्या जत्रेत तंबूत येतोच). आपल्याला लागायचा खुनाचा, कोर्टाचा, शेवटी भलताच माणूस खुनी निघणारा. शाळेतला सूर्यभान मास्तर हसतो. म्हणतो, "दिवसभर कोर्टात बसता आन् पैशे देऊन पुन्हा कोर्टच बघता व्हय?" त्याला काय कळणार? ज्याचा दावा अकरा वर्षे चालला आहे त्यालाच त्या पडद्यावरच्या कोर्टाची गोडी कळते. तिथे पुकारा झाला की काम सुरू होते. साक्षीदार सापडतात. वकील टेबलावर मूठ आपटतो; आमच्या वकिलांनी अकरा वर्षांत "मुदत मिळावी" याखेरीज तोंडातून अक्षर काढले नाही आणि मूठ आपटली ती फक्त डास मारायला. तिथे शेवटच्या घटकेला मागचे दार उघडून नवाच साक्षीदार येतो. आपल्याकडे ज्याला यायचे होते तो आसाराम सर्व्हेवाला, बिचारा, वाट बघून मरून गेला. आणि मुख्य म्हणजे तिथे गुन्हेगार पिंजऱ्यात उभा राहून डोके धरतो आणि सगळे कबूल करून टाकतो. दादा, अकरा वर्षांत तुम्ही एकदा तरी पिंजऱ्यात डोके धरून म्हणालात का, की "होय, बांध मीच कोरला"?

आता मंगळवारचे. कारकुनाने सांगितले, साहेब दुसऱ्या कामात आहेत, तुमचा नंबर तीनच्या आत लागत नाही. (तीननंतर तरी कधी लागला होता?) म्हणून आपण बाराच्या खेळाला गेलो. बंगल्यात शेटजी मरून पडलेला, आरोप त्याच्या तरुण बायकोवर, आणि भोवती एक मुनीम, एक डॉक्टर आणि एक आंधळी बहीण. तिघेही सारखेच साळसूद. मध्यंतर झाले आणि तुमच्या ध्यानात आले की भाकरीचे फडके कोर्टाच्या ओट्यावर राहिले. "मुनीम लई गोड बोलतोय पुंजा, त्योच हाय. तू जागा धर, मी भाकर घिऊन आलोच," असे म्हणून तुम्ही गेलात. मी तुमच्या खुर्चीवर माझी टोपी ठेवली. एक दांडगा गडी तिथे बसायला आला, त्याच्याशी हमरीतुमरीवर आलो. ज्या माणसाने माझा बांध कोरला त्याच्या खुर्चीसाठी मी परक्याच्या अंगावर धावून गेलो! आठवले की आजही मस्तक फिरते.

आणि तुम्ही काय केलेत? फडके उचलायला वाकलात, तेवढ्यात पट्टेवाल्याने आपल्या दाव्याचा पुकारा केला, आणि तुम्ही "हजर" म्हणालात. (ही हकीकत वहिनींनी चांगुणाला विरजण मागायला आल्या तेव्हा सांगितली.) सवयीने तोंडातून गेले म्हणे! अहो, सवय मलाही आहे, पण म्हणून काय सिनेमात साक्षीदाराला हाक मारली तर मी खुर्चीतून "हजर" म्हणालो? त्या फडक्यात निम्म्या भाकरी चांगुणाच्या हातच्या होत्या. माझी भाकरी हातात धरून तुम्ही माझ्याविरुद्ध हजर झालात! साहेबांनी पाहिले, वादी नाही, वादीचा वकील नाही. वादी गैरहजर म्हणून दावा काढून टाकला. अकरा वर्षांचा दावा दोन मिनिटांत! सिनेमावालेसुद्धा लोकांची थोडी लाज बाळगून तीन तास लावतात.

माझे वकील कुठे होते म्हणाल, तर त्याच थिएटरात, बाल्कनीत. नंतर जाब विचारला तर मलाच म्हणतात, "वादी खाली बसलेला दिसला, प्रतिवादी त्याच्या शेजारी दिसला. मग कोर्टात भांडायला उरलं कोण?"

पण खरा संताप पुढेच आहे. जिंकलात ना? मग जिंकल्यासारखे वागा! गुलाल उधळा, पेढे वाटा, माझ्या दारावरून मिशीला पीळ देत जा, म्हणजे मलाही चार शिव्या द्यायला बरे. ते नाही. रविवारी बघतो तर तुमचे औत त्या तीन गुंठ्यांच्या कडेने वळून गेले. ज्या जमिनीसाठी अकरा वर्षे भांडलात तिला फाळ लावायलाही तुम्हाला सवड नाही? आणि पारावर मी दिसलो की मान खाली. दावा होता तेव्हा अबोल्याला काही अर्थ होता. आता दावा नाही तर अबोला कशाचा? आणि अबोला सोडावा तर बोलायचे कशावर? घरात बसून बसून मी चांगुणाच्या स्वयंपाकात खोड्या काढायला लागलो आहे. तीही आता वकील लावीन म्हणते.

म्हणून तुम्हाला शिक्षा काय द्यायची ते मी ठरवले आहे. तुम्ही मध्यंतरात उठलात. सिनेमा गुरुवारी उतरला. गावात तो दुसऱ्या कोणी पाहिलेला नाही. खुनी कोण हे या गावात एकट्या पुंजारामाला ठाऊक आहे, आणि तो सांगणार नाही. औत हाकताना, गुरांना वैरण टाकताना, वहिनींच्या गुडघ्याला पान बांधताना तुमच्या मनात एकच किडा वळवळत राहील. वळवळू द्या. एवढेच सांगून ठेवतो की मुनीम नव्हता. तोंडात मारल्यासारखे व्हाल असा शेवट आहे.

थोरल्यांस नमस्कार, धाकट्यांस आशीर्वाद. तुम्हास काय, ते मी अजून ठरवलेले नाही.

आपला अन्यायग्रस्त,
पुंजाराम

ता. क. – वकील म्हणतात, तीस दिवसांच्या आत अर्ज केला तर दावा पुन्हा चालू होतो, फक्त विरुद्ध पक्षाने हरकत घेऊ नये. मंगळवारी माझ्या पोटात कळ आली असे अर्जात लिहिले आहे. तुम्ही "कळ मी स्वतः पाहिली" असे लिहून खाली सही करावी. सही केलीत तर खुन्याचे नाव सांगेन.

ता. क. २ – माझ्या वकिलांना परस्पर गाठून शेवट विचारून घ्याल तर व्यर्थ आहे. ते म्हणतात, "अशिलाला शेवट सांगायची आमच्या धंद्यात रीत नाही." मी विचारून पाहिले.

ता. क. ३ – पाकीट चिकटवले होते, ते पुन्हा फोडले. चांगुणा म्हणते, थोरल्या माणसाला खोटे लिहू नये. दादा, खुनी कोण ते मला माहीत नाही. मध्यंतर होऊन अर्धा तास झाला तरी तुमचा पत्ता नाही. पडद्यावर डॉक्टरची उलटतपासणी चाललेली, आणि माझे डोळे दाराकडे. गेल्या पावसाळ्यात तुम्हाला एस.टी.त भोवळ आली होती ते आठवले आणि उठलो. चहाच्या टपऱ्या पाहिल्या, मुतारी पाहिली, दवाखान्यात जाऊन "ठेंगणे, पांढऱ्या मिशांचे कोणी आणले का" म्हणून विचारले. कोर्टात बघायचे सुचलेच नाही. तिथे आपले काही काम होईल हे मनात कसे यावे? परत आलो तर दारवाला आत सोडीना. शेवट चालू असताना कोणाला सोडत नाहीत म्हणे. मग दाराला कान लावून उभा राहिलो. आत एक बाई किंचाळली, सगळे थिएटर एकदम "अरे बाप रे!" म्हणाले, आणि आपल्या दोन्ही खुर्च्या रिकाम्या. तेव्हा मला रडू आले, हे मी तुम्हाला रागानेच लिहीत आहे. तोच सिनेमा पुढल्या महिन्यात नगरच्या दुसऱ्या थिएटरात लागतोय असे ऐकतो. अर्जावर लवकर सही करा, म्हणजे तारीख पडेल. तारखेवाचून नुसता सिनेमा बघायला नगरला जायला, आपण दोघे काय रिकामटेकडे आहोत?