पुढचा चेंडू पडायच्या आत

प्रिय बुटके,

पन्नाशी ओलांडलेल्या बाईला बुटकी म्हणू नये, असं तुझ्या लेकीने मला परवा सुनावलं. म्हटलं, तुझ्या आईची उंची वाढली की नाव बदलू. तू तिच्याबरोबर पाठवलेला चष्मा लावून लिहितेय. तुझ्या दुकानातला म्हणून कौतुक करत नाही, पण खरंच हलका आहे, नाकावर वळ उठत नाहीत. रविवारची दुपार आहे. मैदानाच्या ऑफिसात बसलेय, बाहेर माळी रोलर फिरवतोय आणि मी गुडघ्याला पट्टा बांधून पाय समोरच्या खुर्चीवर टाकलाय. फोन केला असता तर तू दुसऱ्याच वाक्याला हसली असतीस आणि मी विषय बदलला असता. दरवेळी असंच होतं, म्हणून पत्र. फार दमलेय गं. पहाटे उठायचं, पोरींना पळवायचं, ओरडायचं, मग बैठका, मग याद्या. हल्ली शिट्टी फुंकायचंसुद्धा जिवावर येतं.

शिवाय दर बुधवारी नव्या अंपायरांचा वर्ग माझ्याच गळ्यात पडलाय. फलंदाज किती तऱ्हांनी बाद होते ते शिकवायचं. त्रिफळा, झेल, पायचीत इथवर सगळे हुशार असतात. चेंडू मुद्दाम दोनदा मारला तर काय, नवी फलंदाज वेळेत मैदानात आलीच नाही तर काय, असं विचारलं की एकमेकांच्या वहीत डोकावतात. या बुधवारी एक नियम नीट शिकवला, जो मी इतकी वर्षं भराभर वाचून पुढे जात होते. एखादी फलंदाज बाद नसताना, आपण बाद झालो अशा गैरसमजाने चालू लागली, तर अंपायरने तिला परत बोलवायचं. मात्र पुढचा चेंडू पडायच्या आत. तो पडला की संपलं. मागच्या बाकावर एक पोस्टमन बसतो, भलताच चिकित्सक माणूस. तो म्हणाला, “मॅडम, गैरसमज नसेलच तर? आपण बाद नाही हे तिला पक्कं ठाऊक आहे, तरी निघाली तर?” मी खडू खाली ठेवला आणि म्हटलं, असं कोण करतं? वर्ग हसला. त्या दिवशी मला घरी गेल्यावर जेवण गेलं नाही.

तुला तो सामना आठवत असणारच. तीस वर्षांत आपण त्यावर अवाक्षर काढलं नाही, तरी आठवत असणार. निवड समितीचे लोक झाडाखाली खुर्च्या टाकून बसलेले. तू नऊ धावांवर, मी अकरा धावांवर. चेंडू मी ढकलला, हाक मी दिली आणि धावत सुटले. तू अर्ध्यापर्यंत आलीस, समोरच्या क्षेत्ररक्षिकेच्या हातात चेंडू पाहिलास, “नको, नको, मागे फिर” म्हणून ओरडलीस आणि वळलीस. मी काही वळले नाही. दोघी एकाच टोकाकडे, खांद्याला खांदा लावून, वेड्यासारख्या धावत होतो. तिकडे दुसऱ्या टोकाला यष्टिरक्षिकेने सावकाश बेल्स उडवल्या, तिला कसली घाई? आता दोघींपैकी एक बाद होती. रेषेच्या आत जिची बॅट आधी टेकली तिचं ते टोक, दुसरीने जायचं. नेमकी गोलंदाज मध्ये आली आणि अंपायरना काही दिसलं नाही. त्यांनी आपल्याकडे पाहून विचारलं, “कोण आधी?” मी ताडमाड, हात लांब, म्हणून सगळे धरूनच चालले की लंबीची बॅट आधी पोचली असणार. मी मान खाली घालून हातमोज्याचा पट्टा सोडवत राहिले आणि पुन्हा बांधत राहिले. तू एकदा माझ्याकडे पाहिलंस, बॅट काखेत मारलीस आणि चालू लागलीस. तंबूपर्यंत जायला तुला दोनेक मिनिटं तरी लागली असतील. तेवढा वेळ होता माझ्याकडे.

पुढे मी त्याच डावात आणखी ऐंशी धावा केल्या. संघात गेले, खेळाडू म्हणून नोकरी लागली, मग प्रशिक्षक झाले, मग निवड समितीवर. तुला पुन्हा कुणी बोलावलं नाही. त्याच वर्षी तू चष्म्याच्या दुकानात काचा घासायला लागलीस आणि पुढे ते दुकानच चालवायला घेतलंस. माझ्या गुडघ्याच्या ऑपरेशनला तू आठ दिवस उशाशी बसलीस, माझी चिडचिड ऐकलीस, नर्सची नक्कल करून मला हसवलंस. एकदाही टोमणा मारला नाहीस. मारला असतास तर बरं झालं असतं, भांडून मोकळी झाले असते. तुझा हा चांगुलपणा मला कायम जड गेला, हे आज सांगून टाकते.

आता तुझ्या लेकीचं. मैदानात मला मॅडम म्हणते आणि फाटकाबाहेर पाऊल पडलं की मावशी, हे तूच शिकवलेलं दिसतंय. गुरुवारी निवडीचा शेवटचा सामना होता. एकेचाळीसवर खेळत होती, छान खेळत होती. चेंडू बॅटची कड घेऊन मागे यष्टिरक्षिकेच्या हातात गेला. इतकी बारीक कड की अंपायरने नाबाद म्हणून मान हलवली. आणि तुझी लेक बॅट काखेत मारून चालू लागली. हुबेहूब तू. मला खुर्चीत बसवेना. बैठकीत आमच्यातला एक म्हणाला, “इतकी साधी पोरगी काय कामाची? उद्या अटीतटीच्या सामन्यात हेच करेल.” दुसऱ्याने री ओढली. तिसरा तर दुसरं नाव घेऊनच आला होता. त्या दुसऱ्या मुलीपेक्षा तुझ्या लेकीच्या धावा जास्त, झेल जास्त. ते चौघांत मीच सांगायला हवं होतं, आणि मी मूग गिळून बसले. काय कारण सांगू? दमले होते. घरी जायचं होतं. बोलले असते तर म्हणाले असते, मैत्रिणीची मुलगी ना तुमच्या. मी पेनाचं टोपण काढत होते, लावत होते, आणि मध्येच माझं माझ्याच हातांकडे लक्ष गेलं. तेव्हापासून स्वतःची लाज वाटतेय.

यादी माझ्या पर्समध्ये आहे. तिघांच्या सह्या झाल्यात, माझी राहिलीय. उद्या दहा वाजता ती फळ्यावर लागणार आणि तिच्यात तुझ्या लेकीचं नाव नाही. मी सही न करता ती परत नेणार आहे आणि तिघांना पुन्हा बसायला लावणार आहे. ऐकतील असं नाही. मी एकटी आहे आणि आवाज चढवायचं बळ आता उरलेलं नाही. पण जिला ते साधी म्हणतात तिच्यासाठी मी त्यांना आपल्या त्या दिवसाची गोष्ट सांगणार आहे, माझ्या नावासकट. त्यांच्याआधी ती तुझ्या हाती पडायला हवी. आज सराव संपला की तुझी लेक घरी येईल, तिच्याबरोबरच हे पत्र पाठवतेय. पाकीट नुसतं दुमडलंय, चिकटवलेलं नाही. तुझी लेक आहे, उघडणार नाही. तू वाचलंस की उद्या सकाळी मला माघार घेता येणार नाही, म्हणून हा सगळा खटाटोप. तुला ठाऊक आहेच, तरी एकदा माझ्या हाताने लिहिते. बुटके, त्या दिवशी तुझी बॅट आधी टेकली होती. मी पाहिलं होतं. बाद मी होते.

दमलेली, पण तुझीच,
लंबी