बुटांच्या खोक्याएवढा कॉम्प्युटर

४ सप्टेंबर, गुरुवार. मँडुरा, घरी.
आजपासून डायरी. कारण आजपासून प्लॅन आहे.

दुपारी डूगलचा फोन. २३ ऑक्टोबरला, गुरुवारी, आमच्या ऑनलाइन गेमची लीग सुरू होतेय. टीमला पाच जण लागतात. म्हणाला, पाचवी खुर्ची तुझीच आहे रे, आठवीपासून आहे. पण तू खाणीवर गेल्यापासून दर तीनपैकी दोन गुरुवारी गायब असतोस. त्या दिवशी संध्याकाळी सातला ऑनलाइन दिसलास तर ठीक, नाहीतर दुसरं नाव टाकतो. वाईट वाटून घेऊ नकोस, भावा.

वाईट कशाला वाटेल? उपाय सोपा आहे. स्वतः जोडलेला गेमिंग कॉम्प्युटर, सेफ्टी बुटांच्या खोक्याएवढा. विमानात केबिन बॅगेतून खाणीवर, केबिन बॅगेतून परत. बजेट पंधराशे डॉलर. वर एक डॉलर नाही.

ब्रॉन्विन म्हणाली, माझा जुना लॅपटॉप ने की, पडूनच आहे. मी फक्त हसलो. मोठी बहीण आहे, तिला काय समजावणार.

सात आठवडे हातात. पार्ट निवडायला दोन संध्याकाळी पुरे.

७ सप्टेंबर, रविवार.
केस, म्हणजे कॉम्प्युटरची पेटी, निवडली! नऊ लिटरची, अ‍ॅल्युमिनियमची, बाजूला अक्रोडाची पट्टी. बजेटचा पाचवा हिस्सा गेला, पण केस आयुष्यभराची असते. आतलं सामान येतं-जातं.
ब्रॉन्विनने ती चारी बाजूंनी फिरवून पाहिली आणि विचारलं, यात ब्रेड कुठून घालायचा?

११ सप्टेंबर, गुरुवार. खाण.
पाण्याचा टँकर चालवताना बारा तास डोकं मोकळं असतं. रस्त्यावर पाणी मारायचं, धूळ बसवायची, परत फिरायचं. आज पॉवर सप्लायचा अभ्यास. छोट्या केसला छोटा पॉवर सप्लाय लागतो. मला वाटलं छोटा म्हणजे स्वस्त. उलटंच निघालं.
पण पॉवर सप्लाय ही तशी इलेक्ट्रिकची वस्तू. ती बजेटात धरायची नाही असं ठरवलं.
(विचारात असल्यामुळे एका वळणावर दोनदा पाणी मारलं. मागून येणारा डंपर थोडा घसरला. फोरमन बोलला. बोलू दे.)

२४ सप्टेंबर, बुधवार. घरी.
सेकंडहँड ग्राफिक्स कार्ड मिळालं! रॉकिंगहॅमला, मॉलच्या पार्किंगमध्ये, एका सभ्य माणसाकडून. फारच स्वस्त.

२४ सप्टेंबर, संध्याकाळी.
कार्ड ३२२ मिलिमीटर. केसमध्ये जागा ३१० ची. बारा मिलिमीटर म्हणजे काहीच नाही. नखाएवढं.

२५ सप्टेंबर, गुरुवार.
बारा मिलिमीटर म्हणजे बरंच असतं. ब्रॉन्विनला तिची नखांची कानस परत हवी आहे. ती आता कशाच्याच कामाची नाही, हे तिला अजून सांगितलेलं नाही.
आज सगळे खेळत होते. मी नवी केस शोधत होतो. प्रत्येकाची आपापली तयारी.

२८ सप्टेंबर, रविवार.
दुसरी केस. बारा लिटरची. खोकं म्हणजे आता गमबुटांचं म्हणावं लागेल. जुनी केस विकायला काढली आहे. ब्रॉन्विन तिच्यात टपालाने आलेली बिलं ठेवते.

२ ऑक्टोबर, गुरुवार. खाण.
कॅम्पवर इलेक्ट्रिशियनने तपासून टॅग लावल्याशिवाय साधी किटलीसुद्धा प्लगला लावता येत नाही. म्हणून मॉरीनला आधीच भेटून ठेवलं. ती इथे एकोणीस वर्षं टॅग लावते आहे. पार्टची यादी दाखवली. तिने शेवटपर्यंत ऐकलं, मग म्हणाली, टॅग लावते रे बाळा, पण इंटरनेटचं काय करणार? सातला तीनशे माणसं एकदम घरी फोन लावतात. माझ्या नातीचा चेहरा मला चौकोनी ठोकळ्यांत दिसतो.
मी तिला समजावलं की गेम खेळायला डेटा फार थोडा लागतो. हे खरंच आहे. लोकांना तांत्रिक माहिती नसते.

१५ ऑक्टोबर, बुधवार. घरी.
सगळं सामान आलं. फक्त पंखे राहिलेत. काळे की चॉकलेटी? काळे थंड ठेवतात. चॉकलेटी जास्त थंड ठेवतात, पण दिसतात गंजल्यासारखे. घाई करून चालणार नाही.

१९ ऑक्टोबर, रविवार.
चॉकलेटी.

२० ऑक्टोबर, सोमवार.
जोडला. पहिल्या बटणाला चालू झाला! तिसऱ्या म्हणू या. पहिल्या दोन वेळा वायर लावायची राहिली होती.
दुपारपासून टेस्ट. सहा तास पूर्ण ताकदीने चालवला, तापमान एकदाही ७१ च्या वर नाही. ग्राफ डूगलला पाठवला. त्याचं उत्तर, गेम कसा चालतो?
ब्रॉन्विनपण तेच म्हणाली. इथे इंटरनेट चांगलं आहे, गेम टाकून घे. पण टेस्ट मधेच थांबवली तर ग्राफ तुटला असता. गेम काय, कॅम्पवर उतरवता येईल. संध्याकाळी तिथे दुसरं काय काम असतं?
वजन ६.८ किलो. केबिन बॅगेला सात चालतात. पिशवीसकट! एकदम परफेक्ट.
कपडे अंगावर न्यायचे.

२१ ऑक्टोबर, मंगळवार. विमानतळ, सकाळी ५:१०.
अंगावर तीन शर्ट, दोन पँट, जाकीट. सिक्युरिटीवाल्या बाईंनी बॅग उघडून विचारलं, हे काय आहे? त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं असं मला वाटलं, म्हणून पंख्यांपासून सांगायला लागलो. मागच्या रांगेतून आमचा फोरमन ओरडला की ताई, बॉम्ब नाहीये तो, सोडा त्याला, विमान जाईल.
संध्याकाळी, खाण. इथे उतरलो तेव्हा ३८ डिग्री. माणूस तीन शर्टांत किती वेळ उभा राहू शकतो याचा एक वेगळा ग्राफ होईल.

२२ ऑक्टोबर, बुधवार. खाण.
मॉरीनने टॅग लावला. दीड मिनिट. शाबास म्हणाली, वायरी नीट बांधल्यास. (सात आठवड्यांत पहिली शाबासकी. इथे नोंदवून ठेवतो.)
संध्याकाळी ६:२०. खोलीतल्या टीव्हीला जोडून गेम उतरवायला लावला.
६:४०. स्क्रीनवर उरलेला वेळ: १९ दिवस.
सुरुवातीला असंच दाखवतात.
९:३०. १९ दिवस.
माझी पाळी १४ दिवसांची आहे.

२३ ऑक्टोबर, गुरुवार.
६:४५ ला डूगलला सांगितलं. तो म्हणाला, ग्राफ छान होता रे.
साताला चार मिनिटं कमी असताना त्यांनी पाचव्या खुर्चीवर डूगलच्या आईला बसवलं. लॉरेनकाकू! गुरुवारी त्या यांना सॉसेज रोल आणून द्यायच्या, तेवढाच त्यांचा गेमशी संबंध. आणि तेही डूगलच्या शाळेतल्या लॅपटॉपवर, ज्याचं एक बटण पडलेलं आहे.
पहिला सामना आहे. हरतील. मग मला शोधत येतील.

२३ ऑक्टोबर, ९:१५.
जिंकले.

२६ ऑक्टोबर, रविवार.
लॉरेनकाकूंचा मेसेज. नवीन कॉम्प्युटर घेईन म्हणते, तुला यातलं कळतं, कुठला घेऊ बाळा? मन भरून आलं. टँकर बाजूला लावून उत्तर लिहिलं. प्रोसेसरचे तीन पर्याय, प्रत्येकाचे गुणदोष, शेवटी पंख्यांवर वेगळी टीप.

२८ ऑक्टोबर, मंगळवार.
काकूंचं उत्तर. थँक्यू राजा, वाचून होईपर्यंत घेऊनच टाकला. सुपरमार्केटच्या मधल्या रांगेत होता, ट्रॅम्पोलिनच्या शेजारी. (माझ्या कॉम्प्युटरच्या निम्मी किंमत.) गेम तासाभरात उतरला.
मी विचारलं, पंखे कोणते आहेत? म्हणाल्या, असतील बाई आत कुठेतरी.

३० ऑक्टोबर, गुरुवार.
दुसरा सामना. मी फोनवरून ऐकत होतो, आवाज तेवढा येतो. काकू डूगलला ओरडत होत्या की अरे गाढवा, डावीकडे बघ डावीकडे, आणि तो बघत होता. आमच्या वेळी कोणी कोणाचं ऐकायचं नाही.
जिंकले. डाउनलोड ४१ टक्के.
नंतर डूगलने सांगितलं की लीगमध्ये नावं आता पक्की झाली. पाचवं नाव लॉरेन. पण राखीव खेळाडू म्हणून तुझं टाकलंय, भावा. म्हणजे टीममध्ये आहेच मी. राखीव असणं ही उलट मोठी जबाबदारी. राखीव माणूस नेहमी तयार लागतो.
आणि संधी लांब नाही. काकूंना २० नोव्हेंबरला सकाळी दाढ काढायची आहे. तोपर्यंत घरून गेम टाकून आणलेला असेल. लगेच त्यांना फोन केला. म्हटलं, काकू, त्या दिवशी आराम करा, संध्याकाळचं मी बघतो.
काकू म्हणाल्या, दाढ तोंडात असते रे राजा, हातात नाही.