शेतीच्या कपाटातल्या रहस्यकथा

बाबा,

आपल्या वाचनालयात यंत्रमानव आलाय. तुम्ही असता तर आधी त्याची चाकं पुसून घेतली असतीत, मगच आत सोडलं असतंत. कमरेएवढा आहे, कपाटांपुढून फिरतो आणि चुकीच्या जागी असलेल्या पुस्तकांची यादी काढतो. पहिल्याच दिवशी त्याने शेतीचं कपाट पकडलं. भातावरच्या रोगांशेजारी आठ रहस्यकथा!

ती तुमची व्यवस्था. बोटीवर पुस्तक न्यायचं नाही, भिजतं, हा तुमचा नियम. म्हणून समुद्रावर निघालेल्या माणसाचं अर्धं राहिलेलं पुस्तक तो परतेपर्यंत त्या कपाटात लपायचं. आपल्या कोळीवाड्यात शेतीचं कपाट उघडतो कोण? मी सातवीत असताना त्यातलं एक शहाणपणाने जागेवर लावलं, तर केवढ्याने ओरडलात! "अगं, तो माणूस तिकडे पाण्यात, आणि तू त्याचं पुस्तक खुशाल दुसऱ्यासाठी मांडतेस?" मी दिवसभर फुगून बसले होते.

तरीही परवा अध्यक्ष यंत्र बघायला येणार म्हटल्यावर मी यादी घेऊन सगळं लावून टाकलं. यंत्राने 'एकही चूक नाही' असं जाहीर केलं, अध्यक्षांनी टाळ्या वाजवल्या, मी चक्क लाजले. काल तांडेल बोट घेऊन परतले. बोटीवरच्या माणसांपैकी वाचणारे तेवढेच उरलेत आता, बाकीची सात पुस्तकं जुन्या वाचकांची तशीच पडून होती. त्यांची रहस्यकथा कुणीतरी घरी नेलेली.

"बाय, धा दिस मी खुनी कोन त्याचाच इचार करतंय, नि तू बुक दुसऱ्याला दिलास?" त्यांनी वाचक-कार्ड परत करायला म्हणून टेबलावर ठेवलं. मी यंत्राकडे बोट दाखवलं. "यानं लावली हो पुस्तकं."

तांडेलांनी यंत्राभोवती एक फेरी मारली. "याला हात तं न्हायत."

मी भर दुपारी त्या वाचकाचं दार ठोठावून पुस्तक परत आणलं. त्याने पहिलं पानही उघडलं नव्हतं. तांडेल कार्ड खिशात घालून वाचत बसले. शेतीचं कपाट मी आता यंत्रात 'दुरुस्तीसाठी बंद' असं नोंदवलंय, यंत्र त्याच्यापुढून मुकाट निघून जातं.

तांडेलांपुढे मात्र मी 'यंत्र बिघडलंय' एवढंच म्हणत राहिले. हे पत्र कुठेच जाणार नाही, म्हणून तुम्हाला सांगते. पुस्तकं मीच हलवली, बाबा. पन्नाशी उलटली, तरी कुणी टाळ्या वाजवल्या की मला तुमचा विसर पडतो.