कूलरखालची माती आणि तळमजल्याचा वारस

मी, प्रमोदिनी केशवराव शिर्के, वय ५४, धंदा माती तपासणे, राहणार प्रताप नगर, नागपूर, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही दबावाला बळी न पडता लिहून ठेवते. दबाव आला होता. त्याविषयी कलम ४ पाहावे.

१. सदर भागातल्या माझ्या प्रयोगशाळेतल्या चाळण्या, भट्टी आणि तराजू पुतणी अदितीला द्यावेत. तिला माती कळते. तिच्या वडिलांना, म्हणजे माझ्या मार्तंडदादाला, कळत नाही. पोरीने ते मनाला लावून घेऊ नये.

२. मुलतानी मातीची बरणी कामिनीवहिनीला. ती तोंडाला लावतेच. पण ही माती तेल ओढते. दादाच्या शर्टावर सावजी रस्सा सांडला की कोरडीच भुरभुरावी, तासाभराने झटकावी. तेल जाईल. हळद जाणार नाही. मातीकडून तरी किती अपेक्षा करायच्या?

३. पारशिवनीचे मामेभाऊ चंपतराव यांचे शेततळे गळते. त्यांना बेंटोनाइट चिकणमातीची सगळी पोती. तळाच्या मातीत कालवून दाबून बसवावे. भिजले की फुगते आणि गळती बुजवते. "मले प्लास्टिकच पाहिजे होतं," असे ते म्हणतील. म्हणू द्यावे. उंदीर प्लास्टिक कुरतडतात, माती नाही.

४. आता घर. माझ्या नावावर आहे, बांधून घेतले दादाने. खाली काळी माती आहे, पाया मुरुमापर्यंत न्या, असा अहवाल मी दिला होता. घरच्या माणसाचा, फुकटचा. म्हणून त्यावर पोहे खाल्ले गेले. या मातीचे कण चिरोट्यासारखे पदरापदरांचे असतात. पदरांत पाणी शिरले की फुगतात, वाळले की आक्रसतात. मे महिन्यात सगळे घर खाली बसते. फक्त दादाच्या खिडकीचा कोपरा, कूलरचे पाणी पिऊन, वर उचलला जातो. मधली भिंत फाटते. दादा भेगेत सिमेंट भरतो. पावसात भिंत मिटू पाहते, तर सिमेंट तिला मिटू देत नाही.

म्हणून वरचा मजला अदितीला, बिनशर्त. तळमजला दादाला, एका अटीवर. भेगेवर मी काचेची पट्टी चिकटवली आहे; भिंत जराही हलली की ती तडकते. येता एक पूर्ण उन्हाळा ती तडकली नाही, तरच. तडकली तर तोही अदितीचा. पट्टीवर माझी सही आहे. नवी लावण्याचा उद्योग करू नये.

हे वाचून दादा म्हणाला, "काहून वं पमे, मले घराबाहेर काढून राहिली का?"

"कूलरले काढ म्हणते, दादा. तू राहा."

नंतर नऊ दिवस अबोला. दबाव तो हाच.

५. आज सकाळी दादाने कूलरला लांब नळी जोडली आणि कंपाउंडच्या पलीकडे सोडली. पलीकडे रुपराव गुजरांची भिंत आहे. पाणी कुठे सोडू नये हे अटीत लिहायचे माझ्याकडून राहिले. कबूल करते. बदलत मात्र नाही. दादाने आयुष्यात पहिल्यांदाच माझे ऐकले आहे.

हे माझे पहिले आणि, माती स्थिर राहिली तर, शेवटचे मृत्युपत्र.

नागपूर, १४ मे २०२५
सही: प्रमोदिनी के. शिर्के

साक्षीदार १: भीमाबाई उईके, प्रयोगशाळेत माती चाळतात. (सही)

साक्षीदार २: रुपराव गुजर, शेजारी. (सही)
शेरा: साक्षीदाराने फक्त सही पाहायची असते म्हणे. मी सगळं वाचलं, पमाताई. माह्या भिंतीवरही एक काचपट्टी लावून द्या. कूलर आताच बंद करून आलो. मार्तंडराव घामाघूम होऊन तुम्हाले हाका मारून राहिले.