मल्सून आणि गन्नानच्या बरण्या

प्रिय सॉकजुन,

कुणाचं पत्र म्हणून पाकीट उलटसुलट करत बसू नकोस. तुला एक हाल्मोनी, म्हणजे आजी आहे. गावाकडे असते, बुटकी, कुरकुरी. आठवली का? मला अक्षरओळख नाही, म्हणून मी बोलतेय आणि आरोग्य केंद्रातली बोरम लिहितेय. तिला बजावलंय, माझ्या शिव्या गाळायच्या नाहीत.

तू कॉलेजात असताना त्या संगणकाच्या भाषेच्या शिकवणीच्या, इंटरनेटवरच्या पानावर एक उदाहरण लिहिलंस. मल्सूनच्या बरण्या आणि गन्नानच्या बरण्या, दोन याद्या एकत्र कशा करायच्या. मल्सूनच्या म्हणजे माझ्या, किमचीच्या लोणच्याच्या; गन्नानच्या म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीच्या, सोयाबीनच्या. "हाल्मोनी, जगभरची पोरं तुम्हा दोघींची नावं वाचून शिकणार," म्हणालास. गन्नानने तोंड वाकडं केलं, "मेल्या, जगाला दाखवायला माझ्या बरण्याच सापडल्या?" आणि संध्याकाळभर तेच पान तुझ्याकडून पुन्हा पुन्हा वाचून घेतलं.

परवा आम्हा म्हाताऱ्यांच्या बैठकीत ओक्बुन नातवाच्या नव्या गाडीचं कौतुक सांगत होती. मी म्हटलं, गाडी गंजते गं, आमची नावं बघ. बोरमने फोनवर पान उघडलं. बरण्याच नव्हत्या. एका यादीला नाव 'अ', दुसरीला 'ब', आत नुसते आकडे. ओक्बुन म्हणाली, "मल्सून, यातली तू कोण? अ का ब?" सगळ्या हसल्या. मीही हसले. कवळी नवी आहे, दाखवायला हरकत नाही.

मला वाटलं, कुणा परक्याचं काम असेल, त्या पानावर कुणीही हात फिरवू शकतं म्हणे. पण बोरम फोन बंद करू लागली. खोदून विचारलं तेव्हा म्हणाली, "हाल्मोनी, पान कुणी कधी बदललं, त्याचं नाव तारखेसकट तिथेच दिसतं. सॉकजुनचं आहे." कारणही तूच लिहिलंयस म्हणे: अनावश्यक तपशील काढला. बरं, काढलास. पण गन्नान गेल्यावरच्या पहिल्या चुसॉकला, सुगीच्या सणाला, माझ्या समोर बसून तांदळाचे गोड गोळे खाताना मी विचारलं, तर म्हणालास, "आहे की, जसंच्या तसं आहे." तेव्हा ते काढून कितीतरी दिवस झाले होते. घास तरी अडकायचा रे घशात!

उदाहरण सुटसुटीत हवं, बाहेरच्यांना आमची नावं अवघड जातात, असं बोरमने समजावलं. तेही पटतं. पाहुणे येणार म्हटलं की मीसुद्धा फाटकी पांघरुणं लपवते. माणसं नाही लपवत.

माझ्या नावाचं मला दुःख नाही. मी आहे अजून, हाक मारलीस तर ओ देईन. गन्नानचं काय? लग्न नाही, पोर नाही. घराण्याच्या वंशावळीत मुलींना जागा नाही. राखही आपण पाइनच्या झाडाच्या मुळाशी पुरली, त्यावर नावाचा दगड नाही. गिरणीतून दमून आली तरी तुला पाठीशी बांधून फिरायची ती. सरकारी कागद सोडले तर तिचं नाव जगात त्या एका पानावर होतं, आणि ते तू पुसलंस. दुसऱ्या कुणी पुसलं असतं तर मी पत्र लिहायला बसले नसते. माझ्या जागी तुझा तो 'अ' खुशाल राहू दे, पण तिला परत आण. पुढच्या महिन्यात तिची पहिली तिथी. पान दुरुस्त केलंस तर तिच्या ताटासाठी चांगला मोठा सुका पोलॅक मासा पाठव, डोक्यासकट. नाही केलंस तर काही पाठवू नकोस, मी ओक्बुनकडून उसना आणेन.

तुझीच,
मल्सून हाल्मोनी