मतमोजणीआधी मरायचं नाही

मी, डॉर्कस लार्टर, वय वर्षे ब्याऐंशी, अविवाहित, धंदा पाट्या रंगवण्याचा, राहणार हेकथॉर्प, नॉरफोक कौंटी, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवते. माझे डोके ठिकाणावर आहे. हृदयाची एक झडप ठिकाणावर नाही, पण कायदा झडपेबद्दल काही विचारत नाही. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. घाई मात्र आहे, कारण परवा गुरुवारी कौंटी कौन्सिलचे मतदान आहे आणि मी उमेदवार आहे! यापूर्वीची दोन्ही मृत्युपत्रे रद्द समजावीत. दोन्ही मी निवडणुकीच्या निकालावर चिडून लिहिली होती.

कलम पहिले. शुक्रवारी मतमोजणी संपेपर्यंत मी मरणार नाही.

हे मालमत्तेचे कलम नव्हे, हे मला कळते. पण बाकी सगळे त्यावर अवलंबून आहे. निकालाआधी उमेदवार मेला तर मतदान रद्द होते आणि नवी तारीख पडते. आमच्या प्रभागात गेल्या तिन्ही खेपांना हेडली बुलिमोर बिनविरोध आला आहे. मी गेले की तो पुन्हा एकटाच उरेल आणि मतपेटी बाहेरच निघणार नाही. गावात तिशीला आलेली माणसे आहेत, ज्यांनी कौंटीसाठी आयुष्यात एकदाही फुली मारलेली नाही. आणि यंदा बघा! चौकात पाट्या लागल्या आहेत, दुकानात भांडणे होत आहेत, पाद्रीबाईंनी प्रवचनात दोन्ही बाजूंना टोमणे मारले. घोडामैदान जवळ आले आहे. मला रात्री झोप येत नाही आणि त्याचा झडपेशी काही संबंध नाही.

कलम दुसरे. माझे राहते घर, मागच्या छपरासह, माझी पुतणी रोवेना हिला मिळावे.

या घराची हकिगत तिला तोंडपाठ आहे, तरी लिहिते. माझे पणजोबा एनॉक लार्टर जमीनदाराच्या शेतावर मजूर होते आणि राहत होते तेही जमीनदाराच्याच घरात. १८९४ साली गावची पहिली पंचायत निवडायची होती. झाकलेले मत तेव्हा पंचायतीला नव्हते. गावाने शाळेत जमायचे आणि हात वर करायचा. जमीनदाराचा कारभारी बाकावर उभा राहून हात मोजत होता. एनॉकने हात वर केला तो गावच्या मोच्यासाठी, जमीनदाराच्या माणसाविरुद्ध. मोची निवडून आला आणि वसंत ऋतूत एनॉक बायको व चार पोरांसह रस्त्यावर आला. तो कारभारी म्हणजे हेडलीचा पणजोबा. पुढे माझ्या आजोबांनी पाट्या रंगवून रंगवून हे गारगोटीच्या भिंतींचे घर बांधले, आपल्या मालकीचे. उघड्या हातांची मोजणी थांबायला मात्र दुसरे महायुद्ध संपावे लागले.

कच्च्या मसुद्यात मी अट घातली होती, की मी मतदानाआधी गेले तर रोवेनाने माझ्या जागी उभे राहावे, तरच घर. मग एनॉक आठवला. घराचा धाक घालून हात वर करायला लावणे हा कारभाऱ्याचा धंदा. अट खोडली. घर रोवेनाचे, बिनशर्त, तिने हेडलीला मत दिले तरीही. देणार नाही म्हणा.

कलम तिसरे. माझे ब्रश, रंगाचे डबे, शिड्या आणि रंगवताना हात टेकवायची काठी गावच्या शाळेला. चाळीस वर्षे मी सगळ्या पक्षांच्या पाट्या रंगवल्या आणि एकाही नावात चूक केली नाही, नावडत्या नावांत तर नाहीच. माझ्या पेन्सिलीही शाळेने घ्याव्यात आणि मतदानाच्या दिवशी त्यांतल्या दोन टोक करून आत ठेवाव्यात. मतदान केंद्रातली दोरीला बांधलेली पेन्सिल मी आजवर कधी बोथट नसलेली पाहिली नाही. लोकशाहीला एवढा लांबचा प्रवास करून यायचे आणि शेवटच्या फुलीला टोक नसायचे, हे मला सहन होत नाही.

कलम चौथे. पोस्टात जी शिल्लक असेल तिच्यातून दर मतदानाच्या दिवशी येणाऱ्या प्रत्येकाला चहा आणि बेदाण्यांचा केक द्यावा. जिवंत उमेदवाराने असे केले तर तो गुन्हा आहे. मेलेल्या बाईवर मते विकत घेतल्याचा आळ कोण घेणार?

कलम पाचवे. छपराला घालतात त्या बोरूची एक आखूड काडी, माझ्या टेबलाच्या खणात आहे, ती हेडली बुलिमोर याला मिळावी.

१९७३ साली नव्या कौंटी कौन्सिलसाठी तो आणि मी समोरासमोर उभे होतो. मते समसमान पडली. पुन्हा मोजली, पुन्हा समसमान. अशा वेळी निकाल नशिबावर सोडायचा असा नियम आहे. निवडणूक अधिकाऱ्याने मुठीत दोन काड्या धरल्या, मी आखूड ओढली. तेव्हापासून मी हेडलीला पाण्यात पाहते. लांब काडी त्याच्याकडे आहेच, आता जोडी पुरी करावी, आणि आपण कशाच्या जोरावर निवडून आलो ते त्याने रोज पाहावे.

इथे लिहिणे थांबवावे लागले, कारण खुद्द हेडली दार न वाजवता आत आला. हातात मुरंब्याची बरणी, मागे ग्लेनिस, म्हणजे माझा रक्तदाब बघायला येणारी नर्स. जे बोलणे झाले ते मृत्युपत्राशी संबंधित असल्याने लिहून ठेवते.

"काय गं, आहेस अजून?"

"शुक्रवारपर्यंत आहे. मत मागायला आलास?"

"तुझं मत मागायला मी काय वेडा आहे? ग्लेनिस सांगते, डॉक्टरांनी आज तातडीनं उद्याची तारीख दिली ऑपरेशनची, आणि तू सरळ नाही म्हणालीस."

"डॉर्कसबाई, थांबण्यात जास्त धोका आहे हो," ग्लेनिस म्हणाली. "किती वेळा सांगू?"

"आणि टेबलावरच गेले म्हणजे? मतदान रद्द, आणि हा बाबा परत बिनविरोध!"

हेडली खुर्चीत बसला. "बिनविरोध येणं काय असतं, तुला काय ठाऊक? कोणी दारात उभं करून शिव्यासुद्धा देत नाही गं. या महिन्यात सात घरांतून हाकलून दिलंय मला. एकीनं तर कुत्रा सोडला! इतकी मजा कित्येक वर्षांत आली नव्हती."

मला हसू आले आणि त्याचा राग आला. मी त्याला कलम पाचवे वाचून दाखवले. "लांब काडी जपली आहेस ना?"

"कसली जपतोय! बायकोनं केक शिजला का बघायला तीच टोचली आणि दिली फेकून."

"म्हणजे आता माझीच लांब!" मी इतक्या जोरात ओरडले की ग्लेनिसने धावत येऊन नाडी धरली.

मृत्युपत्राला दोन साक्षीदार लागतात आणि साक्षीदाराला त्यातून काही मिळू शकत नाही. शेजारीपाजारी सगळे पत्रके वाटायला गेलेले, घरात ही दोघेच. हेडलीने पेन मागितले. "काडी तुझ्याकडेच राहू दे. मी साक्षीदार होतो. पण उद्या तू नॉरिचच्या इस्पितळात जायचंस. तुझं काही बरंवाईट झालंच, तर या प्रभागात माझ्याविरुद्ध माणूस उभा राहील. कोणी मिळेना तर मी दारोदार फिरून शोधीन आणि त्याच्या अर्जावर पहिली सही माझी."

"शब्द?"

"ग्लेनिस ऐकतेय की."

मला रडू आले. आयुष्यात पहिल्यांदा एका बुलिमोरसमोर रडले, आणि त्याची लाज वाटली नाही. मग एकदम आठवले. "आणि माझं मत? त्र्याहत्तर साली एकच कमी पडलं होतं, हेडली."

अचानक आजारी पडलेल्या माणसाला दुसऱ्याच्या हातून मत देता येते. डॉक्टरांच्या सहीने उद्या कागद होईल, असे ग्लेनिस म्हणाली. पण तिचे स्वतःचे मत दुसऱ्या गावात, आणि गुरुवारी दिवसभर ड्यूटी. रोवेना माझ्यासोबत इस्पितळात.

"मी टाकतो," हेडली म्हणाला.

"स्वतःच्या विरुद्ध?"

"तू सांगशील तिथं."

"पडद्याआड कोण बघणार आहे रे?"

"कोणी नाही," तो म्हणाला. "बघायला कोणी नसावं म्हणूनच पडदा लावलाय ना?"

कलम सहावे आणि शेवटचे. कलम पाचवे रद्द. काडी माझ्याबरोबर पुरावी. कलम पहिले शक्यतो पाळीन, पण आता ते मोडले तरी चालेल. गुरुवारचे माझे मत मी हेडली बुलिमोर याच्या हाती सोपवते. त्याने फुली कुठे मारली, हे विचारण्याचा हक्क मला नाही आणि माझ्यामागे कोणालाही नसावा. त्याच्या पणजोबांनी आमचा हात मोजला होता. आज मीच माझा हात त्यांच्या पणतूला उसना देते आहे, आणि मला भीती वाटत नाही.

हे सर्व मी वाचून, समजून, दोन्ही साक्षीदारांच्या समोर सही केली. त्यांनी माझ्यासमोर आणि एकमेकांसमोर सह्या केल्या.

डॉर्कस लार्टर

साक्षीदार:
१. ग्लेनिस थर्टल, परिचारिका
२. हेडली बुलिमोर, शेतकरी. (पेन्सिल टोक करून नेईन. हे. बु.)

हेकथॉर्प, मंगळवार, ३० एप्रिल २०१३