पहिला आठवडा तुझा, दुसरा माझा

सोमवार, ३ फेब्रुवारी

जायचंच! ठरलं. म्हणजे मी ठरवलं — ह्यांना अजून सांगायचंय.

आज लॅबमध्ये सकाळपासून लोकांचं रक्त काढून काढून माझ्याच अंगातलं संपल्यासारखं झालं. शेवटची बाई दंड पुढे करून म्हणाली, "हळू हं, ताई." वाटलं, तिच्याच खांद्यावर डोकं टेकावं आणि झोपून जावं. तेवढ्यात शेजारच्या टेबलावरची इंजेक्शन — तिचा नुसता हात लागला तरी पेशंट ओरडतो, म्हणून हे नाव — मोबाइल घेऊन आली. तिच्या सहलीचे फोटो. तीन बेटं, निळंशार पाणी, दीपस्तंभ. म्हटलं, हे आपल्या ऐपतीतलं नव्हे. तर म्हणे, "अगं, अक्कल वापरली तर माझ्या दाताच्या कॅपपेक्षा स्वस्तात होतं!"

बुधवार, ५ फेब्रुवारी

ह्यांना सांगितलं. बुटाची नाडी बांधता बांधता म्हणाले, "जाऊ की." आणि गेले कामावर. झाली चर्चा!

हे पाण्याच्या पंपिंग स्टेशनवर, कायम रात्रपाळी. मी कायम दिवसाची. लेक लहान असताना आम्हीच तसं मागून घेतलं होतं — घरात एक जण हवाच. मग सासूबाई अंथरुणाला खिळल्या, तेव्हाही हवाच. आता लेक परगावी नोकरीला, सासूबाई जाऊन तीन वर्षं झाली. पाळ्या मात्र तशाच. बदला असं कुणी म्हटलं नाही. आम्हीसुद्धा नाही.

मी येते, हे जातात. मध्ये एक चहा. त्यातही निम्मा वेळ गॅसची टाकी, विजेचं बिल.

रविवार, ९ फेब्रुवारी

दिवसभर बेटं! डोळे चुरचुरताहेत. मोठ्या बेटावर राहायचे दर बघून मोबाइल पालथाच ठेवला. इंजेक्शनचा नियम असा — मोठं बेट बघायचं, राहायचं लहानावर. लहानावर एक टेकडी, बकऱ्या आणि चार घरं, म्हणून तिथे कुणी फिरकत नाही. तिथून सकाळी बोट दोन्ही बेटांना जाते, संध्याकाळी परत आणते. आणि पर्यटकांच्या लाँचने मुळीच जायचं नाही, सामानाच्या बोटीने जायचं. पिठाची पोती, गॅसच्या टाक्या, आणि उरलेल्या जागेत माणसं.

नणंदेला फोनवर सांगितलं. "या वयात हनिमून का गं, वहिनी?" मीही हसले. फोन ठेवल्यावर हसू गेलं. हनिमून राहू दे — दिवसभर समोरासमोर बसून आम्ही बोलणार काय? खरंच भीती वाटते मला. भांडण नाही, राग नाही. सवयच नाही उरली.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

खोली मिळाली! मालकीणबाई फोनवर वाऱ्याशी स्पर्धा केल्यासारखं ओरडत होत्या. "या दिवसांत आठवडा राहा की पंधरवडा, भाडं तेच! चादरी एकदाच बदलणार!" आठवड्याच्या पैशांत पंधरवडा! नाही कोण म्हणेल? पुढचे सात दिवस रजा नाही मिळाली तरी बिघडलं कुठे.

हे झोपले होते. फ्रिजवर चिठ्ठी लावली — "खोली घेतली. १५ मार्चपासून पंधरवडा. रजा टाका." संध्याकाळी खाली ह्यांच्या अक्षरात — "बरं."

शनिवार, १५ फेब्रुवारी

आज नुसती झोपले. भांडी तशीच पडलीत. पडू देत.

मंगळवार, १८ फेब्रुवारी

लेकीचा फोन. "आई, बाबा मला विचारत होते, बेटावर चालायला कुठले बूट बरे!" मला नाही विचारलं. मी विचारलं की एकच उत्तर, "तू ठरवशील ते." पण लेकीला विचारलं म्हणजे मनात आहे तर! दिवसभर बरं वाटत होतं.

बुधवार, २६ फेब्रुवारी



चहा घेताना हे खुशीत म्हणाले, "रजा मंजूर झाली गं. बावीसपासून."

"बावीस? अहो, पंधरापासून ना?"

"पंधरापासून तुझी. पंधरवडा आहे ना? पहिला आठवडा तुझा, दुसरा माझा."

मला आधी कळेचना. मग म्हटलं, "आणि आपण दोघं?"

"मग घरात कोण —" एवढं बोलून हे थांबले. दोघांनी घराकडे बघितलं. फ्रिज. टेबल. सासूबाईंच्या खोलीचं दार. हे एका पायात बूट घालून तसेच बसून राहिले. म्हणाले, "माझ्या डोक्यात दुसरं काही आलंच नाही गं."

ह्यांची रजा हलणार नाही — बदलीचा माणूस त्याच आठवड्याचा आहे. माझीही नाही. बावीसनंतर लॅबचं तपासणी शिबिर, साहेबांनी आधीच बजावलंय.

खरं लिहू? ऐकल्यावर आधी सुटल्यासारखं वाटलं. बोलायचं काय, हा प्रश्नच मिटला! आणि मग मोरीत जाऊन रडले.

शुक्रवार, २८ फेब्रुवारी

लेक म्हणते, रद्द कर. पैसे परत मिळत नाहीत. नणंद म्हणते, "बरंय की, दोघंही मोकळे!" कानाखाली वाजवावीशी वाटली.

हे दोन दिवस माझ्याकडे बघत नाहीत. मी तरी कुठे बघते?

जाणार. एकटी जाणार. दुसऱ्या आठवड्यात ह्यांना यायचं तर येतील, नाहीतर खोलीत बकऱ्या बांधा म्हणावं.

रविवार, १६ मार्च

पोचले काल. पिठाच्या पोत्यावर बसून आले, पाठ पांढरीफटक! खोली लहान, खिडकी मोठी. खिडकीत समुद्र.

मालकीणबाईंनी दारातच विचारलं, "एकट्याच? साहेब कुठंयत?"

"पुढच्या आठवड्यात येतील."

"भांडलात होय?"

"नाही हो. तेवढाही वेळ मिळालेला नाही."

त्या हसल्या नाहीत. चहा आणून दिला.

बुधवार, १९ मार्च

काल मोठं बेट. फोटोत आहे तसंच, फक्त माणसं जास्त. खोलीवरून नेलेला डबा बाकावर बसून खाल्ला. आज मधलं बेट. दीपस्तंभ चढायला पैसे पडत नाहीत, गुडघे पडतात! वर गेले आणि तिन्ही बेटांभोवतीचं पाणी एकदम दिसलं — जवळ हिरवं, मग निळं, मग काळपट. "अहो, बघा तरी!" म्हणून वळले. शेजारी एक अनोळखी गृहस्थ. बिचारे दचकून बघायला लागले.

संध्याकाळी ह्यांच्या उठण्याच्या वेळेला फोन केला. "काय बघितलंस?" सांगत सुटले. पाणी, पोती, ते दचकलेले गृहस्थ. हे हसले — किती दिवसांनी ऐकलं! मग ह्यांनी पंपावरचं सांगितलं. पहाटे गावातला पहिला नळ सुटला की दाबाच्या काट्यावर कळतं म्हणे, कुणीतरी उठलं. इतक्या वर्षांत हे मला माहीतच नव्हतं. "उशीर होतोय गं," असं तीनदा म्हणाले आणि फोन काही ठेवला नाही. त्या नादात कामावर उशिरा पोचले असणार!

बोलायचं काय म्हणे. वेडीच मी.

शुक्रवार, २१ मार्च

पिशवी भरली. उद्या दुपारी ज्या बोटीने हे येणार, तिनेच मी जाणार. पोती उतरेपर्यंतची काय ती भेट. किल्ली द्यायची, गिझरचं सांगायचं.

इथेही पाळीच! समुद्र ओलांडून आले तरी सुटली नाही. आराम करायला आले होते ना? इतकी दमलेय की पिशवी उचलवत नाही.

शनिवार, २२ मार्च

हे उतरले. नवे बूट. किल्ली दिली. गिझरचं बटण डावीकडे, सांगितलं. भोंगा झाला, खलाशी ओरडला, "ताई, चला!" मी जागची हलले नाही.

"अगं, शिबिर ना तुझं?"

"लॅबला सकाळीच कळवलंय. ताप आलाय मला."

ह्यांनी कपाळाला हात लावून बघितला. भर धक्क्यावर, सगळ्यांदेखत. ताप नव्हता. बोट सुटली तरी हात काढला नाही.